सव्वा मूठ

आमच्या घरी श्रावणात कानबाई, आमची देवी, बसते. आम्ही खानदेशातले, पण माझा जन्म सुरतेतला, उधन्याच्या एका खोलीतला. गाव सुटलं तरी कानबाई सुटली नाही. तिच्या प्रसादाचे रोट करायचे असतात आणि त्या रोटांसाठी धान्य मोजायची एक ठरलेली रीत आहे. घरातला कर्ता पुरुष गव्हाच्या गोणीशी बसतो आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकतो. पाळण्यातल्या पोराचीही सव्वा मूठ धरतात. बाईची धरत नाहीत. ते दळून आणायचं, रोट करायचे, आणि पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच ते संपवायचे. बाहेरच्या कुणाला त्यातला तुकडाही द्यायचा नाही.

सहा वर्षांची असताना मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं होतं, "मनी मूठ?" अण्णा हसले होते. माय म्हणाली होती, तुझी मूठ तुझ्या नवऱ्याच्या घरी. पुढे माझं लग्न झालं, मी नंदुरबारला गेले. तिथल्या कानबाईला सासऱ्यांच्या शेजारी बसून मी टोपलीकडे डोळे लावून बघितलं. तिथेही नव्हती. चार वर्षांत मी ते घर सोडून उधन्याला परत आले. मूठ हे काही त्याचं कारण नव्हे, पण परतीच्या गाडीत मला सारखी तीच आठवत होती.

हे सगळं मी का सांगते आहे? कारण हवामान बदल, जगातले देश, त्यांच्या परिषदा, कोळसा कुणी किती जाळायचा, हा सगळा पसारा आमच्या घरात शिरला तो या मुठीच्या वाटेनं. आणि मी तेव्हा जी घोडचूक केली ती आमच्याच घरातली बाई करू शकते. आठवलं की अजून मला एका जागी बसवत नाही. आत्ताही हे लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

अण्णा बॉयलरवर होते. उधन्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं. साडीला रंग चढवायचा तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि आमच्या मिलचा बॉयलर कोळशावर चालायचा. अण्णा काट्याकडे न बघता वाफेचा दाब सांगायचे. नुसता आवाज ऐकून. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत जुन्या भाजल्याचे डाग आहेत. मी त्याच मिलच्या ऑफिसात कारकून. परदेशी गिऱ्हाइकांचे फॉर्म भरणं माझ्याकडे. आधी हे फॉर्म दोन पानांचे असत. कापड किती, रंग कोणता. मग कुठून कुठून नवे रकाने आले. कोळसा किती, पाणी किती, राख कुठे टाकता. खाली अण्णा कोळसा टाकायचे, वर मी तो लिहायचे. बापलेकीचा एकच धंदा म्हणा ना.

त्या वर्षी आपल्या देशाकडे मोठ्या देशांच्या बैठकांचं यजमानपद होतं. रस्त्यांच्या दुभाजकांना रंग लागले होते, चौकात कुंड्या आल्या होत्या. आमच्या शेठच्या कानावर एक बातमी आली. काही परदेशी पाहुणे आणि दिल्लीचे अधिकारी आमच्या भागातल्या मिल बघायला येणार होते आणि त्यातून एक मिल नमुना म्हणून निवडणार होते. जिची निवड होईल तिला कोळशाशिवाय चालणारा नवा बॉयलर उभारायला मदत मिळणार आणि जुन्या बॉयलरवाल्यांनाच शिकवून नव्यावर ठेवणार. निवड झाली नाही तर शेठ शेजारच्या मोठ्या कारखान्यातून पाइपानं वाफ घेणार होते आणि आमचं बॉयलर-घर कायमचं बंद होणार होतं. शेठनी मला हे स्पष्ट सांगितलं. "बेन, सिलेक्शन झालं तर तुझे अण्णा राहतील. नाही झालं तर माझ्या हातात काही नाही."

अण्णांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. मी वेगळ्याच पेचात होते. त्यांचा खोकला मी रोज ऐकत होते. बॉयलर-घरात मे महिन्यात पाच मिनिटं उभं राहून बघा, म्हणजे कळेल. मला ते तिथून बाहेर यायला हवे होते. पण बाहेर काढलेले नको होते. नव्या बॉयलरवर, स्वच्छ जागेत, मानानं हवे होते. मला ही निवड हवी होती, अगदी हावरटासारखी.

पाहुणे यायच्या आधी दिल्लीच्या साहेबांनी सगळ्या मिलवाल्यांना आणि निवडक कामगारांना एका हॉलमध्ये बोलावलं. अण्णाही आले. साहेब हिंदीत छान बोलले. म्हणाले, श्रीमंत देशांनी दोनशे वर्षं कोळसा जाळला, रेल्वे केली, गिरण्या केल्या, आणि आता आपल्याला सांगतात, थांबा. आपला देश एकूण धूर मोजला तर मोठा दिसतो, पण माणसं किती आहेत ते बघा. डोक्यामागे काढलं तर आपण त्यांच्यापुढे काहीच नाही. हवा सगळ्यांची आहे, तर प्रत्येक डोक्याला सारखा वाटा हवा. परिषदेत कोळसा "बंद" करू असं लिहायचं चाललं होतं, तेव्हा "बंद" नको, "कमी" लिहा म्हणून आपली माणसं शेवटच्या दिवसापर्यंत अडून बसली, हेही त्यांनी सांगितलं. आणि मग गाडं नेहमी कुठे अडतं ते सांगितलं. ते म्हणतात, तुम्ही आधी करा. आपण म्हणतो, तुम्ही आधी करा, पैसा द्या, तंत्रज्ञान द्या, मग आम्ही करतो.

माझ्या शेजारी बसलेले अण्णा एकदम ताठ झाले. माझ्या दंडाला धरून कुजबुजले, "हाई ते आपला रोटना हिशोब शे!"

घरी येईपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. डोक्यामागे सव्वा मूठ. लहान-मोठा कुणी असो, गरीब-श्रीमंत असो, मूठ सारखी. आणि हे गोरे काय करताहेत, तर स्वतःच्या मुठी घेऊन झाल्यावर दुसऱ्याच्या टोपलीत हात घालताहेत. सत्तावीस वर्षं कोळसा टाकणाऱ्या माझ्या बापाला जगाचं राजकारण रिक्षात बसल्या बसल्या कळलं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. मूठ सारखी? कुणाकुणाची सारखी? पण रिक्षात बोलले नाही. ते खूष होते आणि मला ती खुषी मोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला आत बोलावलं. शेठ सुरती माणूस, कुठलीही गोष्ट त्याच्या कानात पडली की तिचा उपयोग शोधतो. "बेन, दिल्लीवाळा साहेब काय म्हणाला? माथादीठ. डोक्यामागे. आपणे पण माथादीठ काढीए." म्हणजे आमच्या मिलनं जाळलेला कोळसा मिलमधल्या माणसांनी भागायचा आणि तो आकडा पाहुण्यांपुढे ठेवायचा. मला हसू आलं. पण विचार केला तेव्हा पटलं. आमच्याकडे माणसं पुष्कळ होती. शेजारच्या मिलनी यंत्रं वाढवून माणसं कमी केली होती. डोक्यामागे काढलं तर आम्ही चांगले दिसणार होतो.

मी हजेरीचं रजिस्टर उघडलं. बॉयलर, रंगखाता, प्रिंटिंग, कापड ताणून वाळवायचा स्टेंटर, गोदाम, ऑफिस. बोट ठेवत ठेवत मोजलं. दोनदा मोजलं, कारण मी कामात चोख आहे, हे सगळे मान्य करतात. बेरीज केली, कोळशाला भागलं, आकडा सुबक टाइप करून शेठकडे दिला. शेठनी मान हलवली. आकडा बरा होता. फार चांगला नव्हता, पण बरा होता.

पाहुणे आले त्या दिवशी राखेच्या ढिगावर आमच्याच मिलचं हिरवं कापड अंथरलं होतं. अण्णांनी माझ्या भावानं दिवाळीला घेतलेला शर्ट घातला होता. पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या, कुठल्यातरी थंड देशाच्या, पिकलेले केस बारीक कापलेले, पायात मजबूत बूट. बॉयलर-घरात बाकीचे दारातच थांबले. त्या आत आल्या. घाम पुसत अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, हे बंद व्हावं असं तुम्हाला वाटतं का? दिल्लीच्या साहेबांनी हिंदीत सांगितलं. अण्णा पाठ केल्यासारखे म्हणाले, "कमी करा, बंद नका करू." सगळे हसले. साहेब तर फार खूष झाले.

मग अण्णांना जोर चढला. त्यांनी हिंदीत रोटांची गोष्ट सांगितली. श्रावण, कानबाई, टोपली, घरातल्या हर मर्दाची सव्वा मूठ. साहेबांनी ती इंग्रजीत सांगितली, आणि सांगताना "हर मर्द"चं "घरातलं प्रत्येक माणूस" करून टाकलं. माझं इंग्रजी फॉर्मपुरतं, पण तेवढं मला कळलं. मी अण्णांच्या मागे उभी होते. बाईंनी कौतुकानं अण्णांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, हिचीही सव्वा मूठ. मी हसले. काय करणार होते? बापाची नोकरी पणाला लागलेली असताना मी मुठीसाठी भांडणार होते?

तिथून आम्ही वर गेलो. अण्णा खालीच राहिले, बॉयलर सोडून त्यांना हलता येत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर फोल्डिंग. तयार साड्यांचे धागे कापायचे, डाग बघायचे, घड्या घालायच्या. हे सगळं बायका करतात. जमिनीवर बसून, मांडीवर साडी, हातात कात्री. बहुतेक आमच्याच बायका, उधन्यातल्या, लिंबायतमधल्या. त्यातल्या एकीनं माझ्या लग्नात माझ्या केसांत गजरा माळला होता. आम्ही आत गेलो तशा सगळ्या हसल्या, एकीनं मला डोळा मारला.

बाईंनी हातातला कागद वर केला. माझा कागद. माझी बेरीज. आणि साध्या आवाजात विचारलं, या सगळ्या यात आहेत ना?

मला इंग्रजी कळायला कुणाची गरज पडली नाही. त्या नव्हत्या. एकही नव्हती. रजिस्टरमध्ये त्यांची नावंच नाहीत, त्या कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर येतात. पण ते झालं कागदाचं कारण. मी तर माणसं मोजायला बसले होते. रोज त्यांच्याबरोबर डबा खाते, त्यांच्या लोणच्यावर हात मारते, आणि मिलमध्ये माणसं किती हे लिहिताना माझं बोट तिसऱ्या मजल्यावर गेलंच नाही. कुणी मला सोडायला सांगितलं नव्हतं. मला लबाडीही करायची नव्हती. लबाडी करायची असती तर मी त्यांना आधी धरलं असतं, कारण त्या धरल्या असत्या तर आकडा कितीतरी चांगला आला असता. खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं लिहिलं असतं तरी काम झालं असतं.

साहेबांनी शेठकडे बघितलं. शेठ म्हणाले, कंत्राटी आहेत. बाईंनी बोटानं एकेकीवर खूण करत मोजायला सुरुवात केली, मध्येच थांबल्या आणि वही मिटली. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, तो मला फार गार लागला.

आमची निवड झाली नाही. पलीकडच्या गल्लीतली मिल निवडली. शेठनी मला निरोपाचा कागद दाखवला. त्यात एक ओळ होती, मिलनं दिलेली कामगारांची संख्या विश्वास ठेवण्याजोगी नाही. शेठ मला रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. "जाऊ दे बेन," एवढंच म्हणाले आणि पाइपवाल्याला फोन लावला.

होळीच्या आठवड्यात आमचा बॉयलर विझला. गावभर लाकडं रचली जात होती आणि अण्णा उरलेला विस्तव ओढून बाहेर काढत होते. मी बघायला गेले नाही. ऑफिसात बसून राहिले आणि एकच फॉर्म तीनदा चुकीचा भरला.

त्यांना कारण काय सांगितलं गेलं? शेठनी सांगितलं, "आपल्या माणसांची मोजणी त्यांनी मान्य केली नाही." यात खोटं काही नव्हतं. पण अण्णांनी त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं घेतला. पलीकडच्या गल्लीत नवा बॉयलर येतो आहे हे दिसत होतं तरी ते एकच धरून बसले. गोऱ्यांनी आपली डोकी मोजली नाहीत. झालं! हे वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं. चहाच्या टपरीवर, दूधवाल्याशी, नातवांना शाळेत सोडताना, सगळीकडे. टीव्हीवर कुठल्या परिषदेची चर्चा लागली की ते खाटेवरून उठून बसायचे. "आपला डोका त्यास्नी मोजातच नहीत!" समोर कोट घातलेली माणसं बोलत असायची आणि माझा बाप त्यांच्यावर ओरडत असायचा. आणि मी भाजी निवडत असायचे, मान खाली घालून.

रिकाम्या माणसाला घर पुरत नाही. ते पहाटे पाळीच्या वेळेला उठून गॅलरीत उभे राहायचे आणि कुठल्या चिमणीचा धूर काळा आहे, कुणाचा माणूस कोळसा नीट टाकत नाही, हे बघायचे. कुकरच्या शिट्या ते मोजू लागले. माय कंटाळून म्हणायची, "हाऊ मना कुकर शे, तुमना बॉयलर नही." मध्ये आठ दिवस इच्छापोरला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून गेले. परत आले. म्हणाले, खुर्चीवर बसायचं काम मला जमत नाही. त्यांचा खोकला कमी झाला होता. मी मनात म्हणायचे, निदान एवढं तरी झालं. लगेच स्वतःची लाज वाटायची.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. सांगितलं नाही. होळी गेली, उन्हाळा गेला, पाऊस लागला. माझी भूक गेली, चिडचिड वाढली. भावाच्या पोरांवर विनाकारण खेकसायचे. फोल्डिंगच्या बायकांबरोबर डबा खाणं बंद केलं. कामाचं कारण सांगितलं. त्यांना वाटलं, ऑफिसवाली शेफारली.

श्रावण आला. कानबाईच्या आधी गावाहून काका आले. सकाळी दहाची वेळ, जमिनीवर धुतलेली टोपली, शेजारी गव्हाची गोणी. अण्णा आंघोळ करून बसले. एकेका नावानं मुठी पडू लागल्या. अण्णांची, काकांची, भावाची, काकांच्या दोन मुलांची, भावाच्या दोन पोरांची. सात. प्रत्येकी एक भरलेली मूठ आणि वर पाव मुठीची चिमूट. काकांनी विचारलं, बॉयलरचं काय झालं रे? झालं, अण्णांचं वाक्य सुरू झालं. हात गोणीत तसाच ठेवून ते म्हणाले, जगात आपली काही किंमत नाही, माणसासारखी माणसं असून त्यास्नी आपला डोका मोजात नहीत.

मला ते वाक्य आणखी एकदा ऐकवेना.

"अण्णा, त्यास्नी नही. मी सोडी दिन्ह्यात."

"काय सोडी दिन्ह्यात?"

"फोल्डिंगन्या बाया. कागद मी लिखा व्हता. त्यामा एक बी बाई मी धरी नही."

मग मी सगळं सांगितलं. रजिस्टर, बेरीज, तिसरा मजला, मिटलेली वही. काका छताकडे बघत बसले. माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी हात गोणीतून काढला नाही. म्हणाले, "रोज त्यासमा जेवस तू. कशी सोड्यात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "जशी तुम्ही माले सोडतस, तशी."

मी हे बोलायला गेले नव्हते. सात महिने मी माफी मागायची तयारी केली होती, आणि आलं ते हे. पण ते खरं होतं. लहानपणापासून मी मोजणी बघत आले ती अशीच. ज्यांना मोजत नाहीत त्यांच्यावरून बोट आपोआप पुढे जातं आणि मोजणाऱ्याला वाटतं, बेरीज बरोबर आली.

अण्णांनी हात बाहेर काढला. मूठ भरलेली होती. टोपलीवर धरली. माय घाबरून म्हणाली, "आसं कोठे ऱ्हास का? कानबाईले चालाव नही." मूठ तशीच राहिली. बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे टोपलीबाहेर पडले. मग त्यांनी मला विचारलं, "किती बाया शेतस तठे?"

मला सांगता आलं नाही. चूक कळून सात महिने झाले होते. सात महिने मी स्वतःला खात होते. आणि त्या किती आहेत हे मी एकदाही मोजलं नव्हतं.

अण्णांनी मूठ परत गोणीत सोडली. "तू पहिले त्या बाया मोजी ये. मंग मी तुले मोजसू."

मी तडकले. चपला घालून सरळ बाहेर पडले. रस्ताभर मनात त्यांच्याशी भांडत होते. सहा वर्षांची असल्यापासून थांबले आहे आणि आता म्हणे तुम्ही आधी! दिल्लीच्या साहेबानं सांगितलं तेच हे, आधी तुम्ही, आधी तुम्ही, आणि तोवर सगळ्यांचा धूर चालूच. मिलच्या फाटकाशी पोचले तेव्हा माझा श्वास फुलला होता. तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दारात उभी राहून मोजायला लागले.

"काबर मोजी ऱ्हायनी वं?" गजरा माळणारी म्हणाली. "शेठ जेवन देस का काय?" सगळ्या हसल्या. मी एकोणीस मोजल्या. एक म्हणाली, दोघी रजेवर आहेत त्या धर. दुसरी म्हणाली, एक लेकराला पाजायला घरी गेली आहे, येईल, तिलाही धर. मी प्रत्येकीला नाव विचारून लिहून घेतलं. जिच्याबरोबर पाच वर्षं डबा खाल्ला तिचं आडनाव मला तेव्हा कळलं. बावीस झाल्या. कशासाठी लिहिते आहे ते मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. मग एक म्हातारी, साडीवरून नजर न काढता म्हणाली, "आम्हीन बी कोठे सांगं, आम्हाले धर म्हनीसन."

मी खाली येऊन ती यादी शेठपुढे ठेवली आणि म्हटलं, यांना रजिस्टरला घ्या. शेठनी यादी वाचलीसुद्धा. मग म्हणाले, "बेन, ए तो कॉन्ट्राक्टरनी छे. आपणी नथी." मी म्हटलं, साड्या आपल्या आहेत ना? शेठ म्हणाले, बघू. शेठचं बघू म्हणजे काय ते मिलमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

घरी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काका जेवून आडवे झाले होते. अण्णा गोणीशी तसेच बसून होते, टोपली दळायला गेली नव्हती. मी यादी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून बावीस नावं एक एक करत मोठ्यानं वाचली. नावं वाचताना त्यांचा आवाज देवाचं वाचतात तसा झाला होता.

"रजिस्टरमा चढन्यात का?"

"नही."

त्यांनी गोणीत हात घातला. मूठ भरली नाही. तीन बोटांत मावतील एवढे गहू उचलले, सव्वातली वरची पाव, आणि टोपलीत टाकले. मायनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

"बाकीनी मूठ गोनीमा शे," अण्णा म्हणाले. "त्या चढतीन तवय टाकसू."

मला रडायला येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. मी म्हटलं, तुम्ही अगदी त्या परिषदवाल्यांसारखे झालात.

"मंग?" अण्णा म्हणाले. "त्यासपाईनच शिकनू."

त्या वर्षी मी रोट पोटभर खाल्ला. पौर्णिमा झाली, कानबाई गेली. तेव्हापासून दर सोमवारी मी हजेरीचं रजिस्टर शेठपुढे नेते. शेवटच्या पानावर बावीस नावं पेन्सिलनं लिहिली आहेत, ती उघडून ठेवते. शेठ रजिस्टर मिटतात, मी पुन्हा उघडते. अण्णांनी गोणीचं तोंड बांधलेलं नाही. माय रोज म्हणते, अशानं गव्हाला सोंडे लागतील, बांधा आता. अण्णा सुतळी बाजूला सारतात आणि माझ्याकडे बघतात.